नऊ पोती

धरमपेठेत, तिसऱ्या माळ्यावर,
कूलर माझ्यापेक्षा जास्त बोलत होता.
फोल्डरमध्ये डिग्री, टॅलीचं सर्टिफिकेट,
झेरॉक्सच्या तीन-तीन प्रती.
धोटे मॅडमनी फोल्डर उघडलंच नाही.
म्हणाल्या, एक पत्र लिहा.
पार्टीनं चार महिने बँकेचे कागद दिले नाहीत.
पार्टी रागवायला नको,
आणि कागद तर यायला पाहिजेत.

मी अकरा ओळी लिहिल्या.
पहिल्या दोन नम्रतेच्या,
मधल्या पाचांत कायद्याचं कलम.
त्यांनी पेन्सिलनं आठ खोडल्या.
उरलेल्या तीन इतक्या साध्या होत्या
की माझं नाव खाली टाकायची मलाच लाज वाटली.

कागद सोमवारी आले.
मंगळवारी मला खुर्ची मिळाली,
एक पाय आखूड असलेली.

आमच्या घरी, गोळीबार चौकामागं, माग होता.
आवाज बदलला की धागा तुटलाय हे
बाबाला जेवता जेवता कळायचं,
हात न धुता उठायचा.
टॅली आवाज करत नाही.
तुटलेलं असलं तरी बेरीज जमते,
खाली दोन रेघा येतात, आणि स्क्रीन शांत.

मग एकतीस मार्च.
कळमन्यात मिरचीच्या गोदामात माल मोजायला
मी, एक क्लिपबोर्ड,
तोंडाला दुपट्ट्याच्या दोन घड्या.
भिवापुरीचा ठसका नाकातून डोक्यात गेला,
आकडे शिंकांमध्ये अडकत होते.
मी मोजली चारशे बारा.
वहीत चारशे एकवीस.

पुसदकर मुनीम हसले, चहा मागवला.
"नऊचा फरक ना? मग अंक उलटे पडले, पोरी.
कॉलेजात नाही शिकवलं?"

शिकवलं होतं.
फरकाला नऊनं भाग गेला
की आधी अदलाबदल पाहायची.
दुसऱ्या वर्षी पाच मार्कांना आलं होतं,
मला पाचही मिळाले होते.
एकाचा दोन, दोनाचा एक,
पेन्सिलचा एक फटका, आणि सातच्या आत घरी.
मुनीम माझ्या वडिलांहून मोठे.
चहात आलंही होतं.

मी म्हटलं, काका, पुन्हा मोजते.
हे वाक्य म्हणायला
मला अकरा ओळींपेक्षा जास्त वेळ लागला.

पुन्हा चारशे बारा.
थप्पीला टेकून एक हमाल बिडी न पेटवता धरून बसला होता.
सकाळपासून तिथंच होता.
मी त्याच्या बाजूनं चारदा गेले होते,
तो खांब असल्यासारखी.
दादा, पोती अजून कुठं असतात का?

"वर्त हायेत ना. नऊ.
परवाच्या गारांत भिजले, वाळवाले टाकले."

मग कोणी सांगितलं का नाही?

"कोन इचारलं मले?"

लोखंडी शिडी हाताला चटका देत होती.
वर पत्र्याच्या कडेला, गच्चीवर,
पसरलेली मिरची, काही लाल, काही काळपट,
काहींवर पांढरी बुरशी धरायला लागलेली.
रिकामी पोती मोजली. नऊ.
वही खरी होती. मीही खरी होते.
फक्त भाव दोघांचाही चुकत होता:
भिजलेल्या मिरचीला वाळलेल्याची किंमत
कोण देईल?

खाली आले तेव्हा डोळ्यांतून पाणी.
मुनीम म्हणाले, सवय होते.
मग जरा थांबून, चष्मा पुसत:
"किंमत कमी लावा लागेल ना आता?"
लागेल, काका.
बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

रात्री मॅडमपुढं कागद ठेवला. तीन ओळी.
नऊ पोती गच्चीवर, भिजलेली.
प्रत्यक्ष पाहिली.
बाजारात मिळेल त्या दरानं धरावीत.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.
"हे तुला कळलं कसं?"

एका माणसानं सांगितलं.

"एका म्हणजे?"

मला नाव माहीत नव्हतं.
दुसऱ्या दिवशी सकाळी
आधी कळमन्याला गेले, मग ऑफिसला.
सुखदेव उईके, हमाल, यांनी जागा दाखवली.
चौथी ओळ.

मॅडमची पेन्सिल
कानामागंच राहिली.